प्रसिद्धीमुळे गायक-वादकांची तब्येत नेमकी कशी बिघडते?

10 मे 2017 ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कॅनडाचा पॉप गायक जस्टिन बीबर याचा कार्यक्रम झाला. त्या आठवड्यातल्या बातम्या मुख्यतः दोनच गोष्टींच्या होत्या. आधी त्याच्या मागण्यांची म्हणून फिरलेली एक लांबलचक यादी, आणि नंतर तो खरंच गायला की नुसते ओठ हलवले यावरची टिंगल. तो तेव्हा 23 वर्षांचा होता आणि मार्च 2016 पासून एकाच दौऱ्यावर होता. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्याने दौऱ्यातले उरलेले 14 कार्यक्रम रद्द केले. 2019 मध्ये त्याने स्वतःच जाहीरपणे लिहिलं, की कोवळ्या वयात एवढं सगळं हाती आल्यावर आपण ड्रग्जच्या आहारी गेलो होतो. नेरुळला जे दिसलं तो थकवा होता की दौऱ्याची ठरलेली पद्धत, हे बाहेरच्या माणसाला सांगता येणार नाही. पण चौदा महिने दौऱ्यावर असलेल्या पोराला झोप मिळते का, हा प्रश्न त्या आठवड्यात फारसा कुणाला पडला नाही. मागण्यांची यादी मात्र तोंडपाठ झाली होती.

प्रसिद्धीने माणूस बिघडतो असं आपण सहज म्हणून जातो. त्यात ‘डोक्यात हवा गेली’ असा एक नैतिक ठपका असतो. प्रत्यक्षात जे होतं ते वेगळं आहे. प्रसिद्धी सहसा नवा आजार तयार करत नाही. आधीपासून जे नाजूक आहे, म्हणजे नैराश्य, मनःस्थितीचे टोकाचे चढउतार, व्यसनाकडे ओढ, लहानपणी बसलेला मार, ते सांभाळायला लागणारे आधार ती काढून घेते. हे आधार अगदी साधे असतात. वेळेवर झोप, नाही म्हणायची सोय, कुणाला न कळता डॉक्टरकडे जाता येणं, आणि ‘आज तू बेसूर लागत होतास, घरी जा’ असं तोंडावर सांगणारं एखादं माणूस.

आकडे काय सांगतात ते आधी बघू, कारण या विषयात दंतकथा फार. लोकप्रिय कलावंत 27 व्या वर्षी मरतात, ही त्यातली सगळ्यात चिवट. 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने एक अभ्यास छापला. 1956 ते 2007 या काळात ब्रिटनमध्ये ज्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला अशा 1046 कलावंतांची त्यात नोंद होती, आणि त्यातल्या 71 जणांचा मृत्यू झाला होता. 27 व्या वर्षी कुठलीही विशेष वाढ सापडली नाही. सापडलं ते असं, की विशी-तिशीतल्या प्रसिद्ध कलावंतांना त्याच वयाच्या सामान्य माणसांपेक्षा मृत्यूचा धोका दोन ते तीन पट होता. म्हणजे एखादं वर्ष शापित नाही, सगळी तरुणपणाचीच वर्षं जड जातात.

दुसरा अभ्यास 2012 चा, युरोप-अमेरिकेतल्या 1489 रॉक आणि पॉप कलावंतांचा. त्यात दोन गोष्टी दिसल्या, आणि दोन्ही आपल्याकडच्या गुरुजनांनी वाचाव्यात अशा आहेत. दारू, ड्रग्ज किंवा जिवावरच्या धोक्यांमुळे जे गेले त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांच्या बालपणात मारहाण, घरातलं व्यसन, घरातलं गंभीर आजारपण असं काहीतरी घडलेलं होतं. इतर कारणांनी गेलेल्यांत हे प्रमाण पावभर होतं. दुसरं, एकटं गाणाऱ्यांतलं मृत्यूचं प्रमाण बँडमधल्यांच्या साधारण दुप्पट होतं. बँडमध्ये शेजारी उभं राहणारं कुणीतरी असतं, हे त्याचं एक शक्य कारण. हे परदेशी आकडे आहेत, आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण यंत्रणा ओळखीची आहे, आणि ती समजायला एक रात्र जवळून बघितली तरी पुरते.

समजा, कळव्यात राहणारा पंचविशीतला एक गायक आहे. आवाज दुर्मीळ, वाचन दांडगं, आणि विशीत एकदा नैराश्याचे उपचार झालेले. वर्षभरापूर्वी त्याचं एक गाणं मोबाइलवर गाजलं. आज ठाण्यात मैदानावर त्याचा कार्यक्रम आहे. रात्री 10 नंतर लाउडस्पीकरला बंदी, त्यामुळे पोलिसांचा माणूस पावणेदहापासून साऊंडवाल्याच्या शेजारी घड्याळ बघत उभा. शेवटची वीस मिनिटं म्हणूनच सगळ्यात घाईची आणि सगळ्यात वरच्या पट्टीतली. दहाला साऊंड बंद. त्या क्षणी गायकाचं शरीर मात्र बंद होत नाही. मंचावर नाडी जोरात असते, ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं रक्तात भरपूर असतात. ॲड्रिनलिन काही मिनिटांत उतरतं, पण मेंदूचा सावधपणा उतरायला दोन-तीन तास सहज लागतात. त्यात मंचावरचे झगझगीत दिवे. रात्रीच्या झगमगाटात झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन उशिरा सुटतं.

मग सेल्फी. आयोजकांचे नातेवाईक, नगरसेवकाची मुलं, प्रायोजक. साडेअकराला वाद्यं टेम्पोत. माजिवड्याच्या आसपास कुठेतरी जेवण, तेही तेलकट, बारा-साडेबाराला. घरी पोचून अंथरुणावर पाठ टेकली की हातात मोबाइल, कारण कार्यक्रमाच्या क्लिपा तोवर आलेल्या असतात. रात्री दोनला तो अनोळखी माणसांनी आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचतो आहे. दोनशे चांगल्या वाक्यांमधलं ‘आवाज बसलाय, पूर्वीसारखं राहिलं नाही’ हे एक वाक्य त्याच्या डोक्यात अडकतं. माणसाच्या मेंदूची ठेवणच अशी, की कौतुकापेक्षा धोका आधी टिपायचा. सकाळी आठला रेडिओवर मुलाखत.

ही एक रात्र असेल तर काही बिघडत नाही. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, मग लग्नसराई असा हंगाम लागला की महिन्यात अशा पंधरा-वीस रात्री होतात. दिवाळी पहाट म्हणजे तर उलटा मार, पहाटे साडेतीनला उठून पाचला मंचावर. ज्या माणसाला बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्याच्या आलटून पालटून फेऱ्या येणारा आजार आहे, त्याच्यासाठी झोपेचं खोबरं होणं हा निव्वळ थकवा नसतो. अपुरी झोप उन्मादाची फेरी सुरू करू शकते, ही मनोविकारशास्त्रातली जुनी आणि पक्की गोष्ट आहे.

आणि इथे एक विचित्र पेच आहे. उन्मादाची सुरुवात बाहेरून झकास दिसते. तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना, बोलणं भरभर, एका आठवड्यात दहा चाली, मंचावर अंगात आल्यासारखं गाणं. श्रोते म्हणतात, काय फॉर्मात आहे! घरच्यांना कळतं की काहीतरी चुकतंय, पण हजारो लोक टाळ्या वाजवत असताना आईचं ऐकणार कोण? सामान्य नोकरीत हेच वागणं साहेबाच्या लक्षात आलं असतं. कलावंताच्या बाबतीत आजाराच्या पहिल्या पायरीलाच बिदागी वाढते.

उतरणीवर मग दारू येते, नाहीतर झोपेच्या गोळ्या, नाहीतर दोन्ही. कार्यक्रमानंतर ‘जरा शांत व्हायला’ घेतलेली दारू झोप लवकर आणते हे खरं, पण रात्रीच्या उत्तरार्धात तीच झोप तोडते. यकृत तासाला साधारण एक छोटा पेग एवढीच दारू निपटतं. रात्री एक ते अडीचमध्ये चार मोठे पेग झाले तर सकाळच्या मुलाखतीतही ती रक्तात असते. अल्प्राझोलॅमसारख्या गोळ्या दारूबरोबर घेतल्या तर दोन्ही मिळून श्वास मंदावतात. झोपेतच माणूस जाण्याचा हा ठरलेला मार्ग आहे, आणि तो बहुतेकदा अपघातानेच घडतो.

दारूशिवाय सूर लागत नाही, या समजुतीवर एक उतारा आहे. कुंदनलाल सैगल यांना पिऊनच गायची सवय होती. 1946 च्या ‘शाहजहान’च्या वेळी नौशाद यांनी त्यांना एकच गाणं आधी न पिता आणि मग पिऊन गायला लावलं, आणि दोन्ही ऐकवल्यावर न पिता गायलेलं सरस ठरलं, असं नौशाद सांगत. सैगल 18 जानेवारी 1947 ला गेले, वय 42. आपल्याकडे वर्तमानपत्रांच्या आधीपासून एक प्रसारमाध्यम चालत आलंय, ते म्हणजे किस्से. अमके बुवा चढवूनच बसायचे आणि काय मारवा गायचे! हे किस्से सांगणाऱ्याला रंग चढतो, आणि ऐकणाऱ्या विशीतल्या पोराला वाटतं की तोच रियाजाचा भाग आहे.

आता नकाराकडे. एका गायकाच्या मागे तबला, सिंथ, ऑक्टोपॅड, बासरी, दोन सहगायक, निवेदक, साऊंडवाला, टेम्पोवाला अशी दहा-बारा माणसं असतात. ‘सुपारी’, म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं, आली की सगळ्यांची चूल पेटते, रद्द झाली की सगळ्यांची विझते. कार्यक्रम गायकाच्या नावावर विकला जातो, त्यामुळे बदली माणूस चालत नाही. आयोजकाने ॲडव्हान्स दिलेला, मैदानाचं भाडं भरलेलं, फ्लेक्स लागलेले. अशा वेळी गायकाने ‘आज डोकं ठिकाणावर नाही’ म्हटलं तर ते ऐकून घेणं कुणालाच परवडत नाही. त्याच्यावर प्रेम करणारेच त्याला गाडीत बसवतात. यात कुणी दुष्ट नसतं, हे नीट लक्षात घेतलं पाहिजे. म्हणूनच नुसतं ‘चांगली माणसं जवळ ठेवा’ हा सल्ला कुचकामी आहे. चांगल्या माणसांचं पोटही त्याच कार्यक्रमावर असतं.

ब्रिटिश गायिका एमी वाइनहाऊसचं उदाहरण यात सगळ्यात जास्त नोंदलं गेलेलं आहे. 2006 मध्ये तिचा दुसरा अल्बम आला, फेब्रुवारी 2008 मध्ये एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळाले. त्या रात्री ती लॉस एंजेलिसला नव्हती, लंडनहून उपग्रहाच्या साहाय्याने गायली. व्यसनाचे उपचार नुकतेच सुरू झाले होते आणि अमेरिकेचा व्हिसा वेळेत मिळाला नव्हता. घराबाहेर फोटोग्राफरांचा तळ इतका, की 2009 मध्ये तिला कोर्टातून एका फोटो एजन्सीविरुद्ध मनाई हुकूम आणावा लागला. 18 जून 2011 ला बेलग्रेडच्या मंचावर ती आली तेव्हा तिला शब्द आठवत नव्हते. श्रोत्यांनी हुर्यो उडवली, ती चित्रफीत जगभर फिरली, पुढचा युरोप दौरा रद्द झाला. पाच आठवड्यांनी, 23 जुलैला, ती गेली.

रक्तात दारूचं प्रमाण 100 मिलिलीटरमागे 416 मिलिग्रॅम निघालं. आपल्याकडे गाडी चालवण्याची मर्यादा 30 आहे. पण या आकड्यामागची गोष्ट अधिक महत्त्वाची. ती त्याआधी काही काळ दारूपासून लांब राहिली होती. रोज पिणाऱ्याचं शरीर दारूला सरावतं, सोडल्यावर हा सराव उतरतो. मग पुन्हा घसरण झाली आणि जुन्याच मापाने प्यायलं गेलं, तर जे पूर्वी सोसलं ते आता जीव घेतं. उपचारानंतरचे पहिले काही आठवडे म्हणून सगळ्यात नाजूक. नेमके तेच आठवडे ‘पुनरागमन’ म्हणून विकले जातात.

बेलग्रेडच्या चित्रफितीचं जे झालं ते आता दर आठवड्याला कुणाचं तरी होतं, फक्त छोट्या प्रमाणावर. अडीच तासांच्या कार्यक्रमातले चौदा सेकंद निवडले जातात. निवडणारा माणूस समोर बसलेला श्रोताच असतो, त्याला पैसे मिळत नाहीत, मिळतात ते लाइक. चांगलं गायलेलं आधीच हजार ठिकाणी आहे, त्यामुळे अडखळणं, डोळे भरून येणं, साजिंद्यावर भडकणं हेच नवीन आणि म्हणून मोलाचं. त्या चौदा सेकंदांवर पोर्टलवाले बातमी करतात: ‘प्रसिद्ध गायकाला झालं तरी काय?’ मथळा प्रश्नार्थक, म्हणजे पुराव्याची गरज नाही. संध्याकाळी वाहिनीवर ‘जवळच्या सूत्रांचं’ म्हणणं येतं. तिसऱ्या दिवशी गायक खुलासा करतो, आणि खुलाशाचीही क्लिप होते.

म्हणजे लक्षणाचाच कार्यक्रम होतो. आजारी माणसाला हे फार लवकर कळतं, की मी सावरलेलो असताना जेवढी माणसं बघतात त्यापेक्षा कोसळताना जास्त बघतात. रॅपर यो यो हनी सिंग काही वर्षं गायब होता, तेव्हा तो कुठे असेल याच्या वावड्या भरपूर उठल्या. 2016 मध्ये त्याने स्वतः सांगितलं, की बायपोलरचे उपचार चालू होते. आजार जाहीर करायचा की नाही, कधी, कुणापाशी, हा रुग्णाचा निर्णय असतो. प्रसिद्ध माणसाच्या बाबतीत तो वावड्याच घेऊन टाकतात.

कायदा या बाबतीत आपण समजतो त्यापेक्षा स्पष्ट आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हा त्याचा हक्क आहे. कलम 24 म्हणतं, की मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा त्याच्याबद्दलची कुठलीही माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना द्यायची नाही. वॉर्डबॉयने फोटो काढून पत्रकाराला पाठवला तर तो ‘स्कूप’ नाही, कायद्याचा भंग आहे.

प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये आत्महत्येच्या बातम्यांसाठी नियम स्वीकारले, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांवर बेतलेले आहेत. बातमी ठळक जागी लावू नये, पुन्हा पुन्हा चालवू नये, पद्धत आणि जागेचं वर्णन करू नये, सनसनाटी मथळा देऊ नये, फोटो-व्हिडिओ वापरू नयेत. हे संकोचापोटी केलेले नियम नाहीत. प्रसिद्ध माणसाच्या आत्महत्येनंतर तशाच घटना वाढतात, हे अनेक देशांत दिसलेलं आहे. उलटं कसं होतं तेही दिसलंय. एप्रिल 1994 मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये ‘निर्वाणा’ या रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन याने आत्महत्या केली. तिथल्या माध्यमांनी त्याची कला आणि त्याचं मरण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, मदतीचे क्रमांक सतत दिले, जाहीर श्रद्धांजलीच्या वेळी समुपदेशकांना बोलावलं. नंतरच्या अभ्यासात शहरातल्या आत्महत्या वाढलेल्या आढळल्या नाहीत, हेल्पलाइनवरचे फोन मात्र बरेच वाढले होते.

लहान मुलांचा विषय इथे थोडक्यात, कारण घोडबंदर रोडवर इतके स्टुडिओ आहेत की ठाण्यातल्या बऱ्याच पालकांना तो लागू पडतो. 2017 च्या बालकामगार नियमांप्रमाणे मुलाला दिवसाला 5 तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांहून जास्त नाही, सलग 27 दिवसांहून जास्त नाही. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, आणि मुलाच्या कमाईतले किमान 20 टक्के त्याच्याच नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत टाकायचे. पालकांनी परवानगीचा कागद आणि ठेवीची पावती मागून घ्यावी, लाजू नये. खरी गडबड मात्र स्पर्धा संपल्यावर होते. महाअंतिम फेरीनंतर फोन थांबतात, मुलगा तेरा-चौदाचा होतो, आवाज फुटतो, आणि ज्या आवाजाला महाराष्ट्राने लाडावलं तो राहतच नाही. या वर्ष-दीड वर्षात त्याला कार्यक्रमांना न्यायचं नाही, गळ्यावर ताण द्यायचा नाही, तबला किंवा हार्मोनियमवर बसवायचं, आणि शाळेतल्या मित्रांत ढकलायचं.

मोठ्यांच्या बाबतीत काय करता येतं? सुरुवात करारपत्रापासून, कारण नकार कागदावर असला की तोंडाने द्यावा लागत नाही. बहुतेक आयोजकांच्या छापील करारात ‘कलावंत आला नाही तर ॲडव्हान्स परत आणि नुकसानभरपाई’ एवढंच वाक्य असतं. त्यात आजारपणाचं वेगळं कलम घालावं: डॉक्टरांचं प्रमाणपत्र दिल्यास भरपाई नाही, आधी पुढची तारीख, ती जमली नाही तर ॲडव्हान्स परत. प्रमाणपत्रावर निदान लिहायची गरज नाही, ‘वैद्यकीय कारणास्तव विश्रांती’ पुरतं. आठवड्याला जास्तीत जास्त तीन कार्यक्रम, दोन रात्रींच्या मध्ये एक मोकळी रात्र, कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत मुलाखत नाही, ही वाक्यंही करारातच. साजिंद्यांना वर्षातल्या ठरावीक तारखांचं मानधन कार्यक्रम झाला न झाला तरी द्यायचं ठरवलं, तर त्यांनाही ‘आज नको’ म्हणायला बळ येतं. खर्चिक आहे, पण याहून उपयोगी दुसरा खर्च नाही.

मोबाइलचं असं. अकाउंटचे पासवर्ड दुसऱ्याकडे आणि गायकाच्या फोनमध्ये ती ॲप्सच नाहीत, एवढं केलं तरी निम्मं काम होतं. दुसऱ्याने वाचायचं आणि आठवड्यातून एकदा कामाच्या चार गोष्टी सांगायच्या. त्या माणसाला वावड्यांवर उत्तर द्यायचा मोह होतो, तो आवरायचा. आजारपणात निवेदन द्यावंच लागलं तर दोन वाक्यांचं: ‘तब्येतीच्या कारणाने अमुक तारखेपर्यंतचे कार्यक्रम होणार नाहीत. तिकिटांचे पैसे अमुक पद्धतीने परत मिळतील.’ तिसरं वाक्य लिहिलं की त्यावर प्रश्न येतात.

औषधांबाबत कलावंतांच्या काही खास अडचणी असतात, त्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाहीत. बायपोलरवरचं लिथियम हे औषध घेणाऱ्यांच्या बोटांना बारीक कंप येऊ शकतो. सतारियाला किंवा व्हायोलिनवाल्याला तो लगेच जाणवतो, आणि तो कुणाला न सांगता गोळी बंद करतो. डोस किंवा औषध बदलता येतं, पण सांगितलं तर. मे महिन्यात मंचावर घाम गाळून पाणी कमी पडलं, किंवा अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेतलं, की लिथियमची रक्तातली पातळी चढते. मग उलट्या, जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं, हात जोरात थरथरणं. मंचावर हे हुबेहूब प्यायल्यासारखं दिसतं, आणि चौदा सेकंदांच्या क्लिपेत तर दुसरं काही वाटणारच नाही. वास्तविक त्याला तासाभरात रुग्णालयात पोचवायला हवं. कार्यक्रमाच्या व्यवस्थापकाला ही एवढी गोष्ट तरी माहीत असावी. मंचाच्या धास्तीवर प्रोप्रॅनोलॉल हे छातीची धडधड कमी करणारं औषध ग्रीनरूममध्ये सर्रास वाटलं जातं. दमा असणाऱ्याला ते घातक ठरू शकतं. काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, गायकाला ते नकोसं होतं. गोळीची वेळ बदलून बऱ्याचदा भागतं.

डॉक्टरकडे जाण्यातली अडचण आपल्या ठाण्याला जरा जास्त आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. इथलं मनोरुग्णालय 1901 पासूनचं. ज्याचा चेहरा फ्लेक्सवर आहे त्याने तिथल्या ओपीडीच्या रांगेत उभं राहायचं म्हणजे त्या विनोदाला स्वतःहून निमित्त देणं, असं त्याला वाटतं. वेळ आधी ठरवून, रांगेच्या वेळा टाळून जाता येतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्थाही आहे. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर चोवीस तास मराठीत मोफत बोलता येतं, नाव सांगायचं बंधन नाही. माणूस बरा असताना एक काम करून ठेवावं: कायद्यात ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमायची सोय आहे, साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालते. पुढे निर्णय घ्यायची वेळ आली तर तो प्रतिनिधी बोलतो, मॅनेजर नाही. हा माणूस कलावंताच्या कमाईवर अवलंबून नसावा. बहीण, जुना मित्र, शाळेतले सर, कुणीही.

कधी मंच सोडणं हाच उपाय असतो, आणि त्याने गाणं संपत नाही. डिसेंबर 1964 मध्ये बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या ब्रायन विल्सनला विमानात भीतीचा जबर झटका आला. त्याने दौरे सोडले, बँड फिरत राहिला, तो स्टुडिओत राहिला, आणि त्याचं सर्वोत्तम मानलं जाणारं काम त्यानंतर दोन वर्षांत झालं. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याने त्याच वर्षी, वयाच्या 31 व्या वर्षी, मैफली बंद करून फक्त ध्वनिमुद्रण सुरू ठेवलं. सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवी तर मुंबईतच, घराचं दार लावून, निखिल बॅनर्जी आणि हरिप्रसाद चौरसियांसारखे शिष्य घडवत राहिल्या. मात्र नुसतं थांबणं म्हणजे उपचार नव्हे. स्वीडनचा डीजे अविची 2016 मध्ये दौऱ्यांतून बाहेर पडला आणि 2018 मध्ये, 28 व्या वर्षी गेला. विल्सनचाही आजार स्टुडिओत बसून बरा झाला नाही, त्याला पुढे अनेक वर्षं त्याच्याशी झुंजावं लागलं.

परत यायचं असेल तर पहिला कार्यक्रम पाऊण तासाचा असावा, सकाळी अकराचा, शंभर-दीडशे खुर्च्यांच्या सभागृहात. तिकीट नसावं, म्हणजे रद्द करणं सोपं. जाहिरातीत ‘पुनरागमन’ हा शब्द नको. मोबाइल दारात जमा करून टोकन द्यायचं. त्याच्याबरोबर दुसरा एक गायक मंचावर असावा, ज्याला सगळी गाणी येतात आणि कुठल्याही कडव्याला उचलून घेता येतं. उपचार करणाऱ्यांना तारीख आधी कळवायची. आणि त्या रात्री घरी त्याच्या सोबत कोण झोपणार आहे, हे साऊंडवाला ठरवायच्या आधी ठरवून ठेवायचं.